अंगणातून दीर्घिकेचा फोटो: आधी काय, मग काय

दीर्घिकेचा फोटो फसला की दोष कॅमेऱ्यावर जातो आणि पुढच्या महिन्यात एक महागडा फिल्टर घरी येतो. फोटो मात्र त्याच्या बराच आधी बिघडलेला असतो. ध्रुव नीट साधलेला नसतो (म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे नीट रोखलेला नसतो), चंद्र डोक्यावर असतो, फ्लॅट (कोपऱ्यांतला अंधार आणि धुळीचे डाग दुरुस्त करण्यासाठी एकसारख्या उजेडाचे काढलेले फोटो) घ्यायचे राहून गेलेले असतात, किंवा सगळा मिळून जेमतेम चाळीस मिनिटांचा प्रकाश जमलेला असतो. यातलं काहीही नंतर सॉफ्टवेअरमध्ये भरून निघत नाही. म्हणून इथे भर कामांच्या क्रमावर आहे.

उदाहरण म्हणून लक्ष्य घेऊ सिंह राशीतलं त्रिकूट: एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८ (हे तीन दीर्घिकांचे यादीतले क्रमांक). जागा पुणे-नाशिकसारख्या शहराच्या कडेचं अंगण किंवा गच्ची. साहित्य असं: ६ इंची एफ/५ न्यूटोनियन म्हणजे आरशांची दुर्बीण (फोकल लांबी ७५० मिमी, आरशाच्या व्यासाच्या पाचपट), कोमा करेक्टर (कडेचे तारे गोल ठेवणारं भिंग), एचईक्यू ५ वर्गातला विषुववृत्तीय माउंट (आकाशाबरोबर फिरणारी बैठक), ५० मिमीचा गाइडस्कोप (माउंटचा माग तपासणारी छोटी दुर्बीण) आणि त्याचा छोटा कॅमेरा, मुख्य कॅमेरा एएसआय ५३३ एमसी प्रो. डीएसएलआर असेल तरी क्रम हाच राहतो. दीर्घिकांसाठी त्यातला आतला फिल्टर काढून घ्यायची गरज नाही.

## १. लक्ष्य आणि रात्र ठरवणं

त्रिकूट पूर्वा फाल्गुनीच्या दोन ताऱ्यांपैकी दक्षिणेकडच्या ताऱ्याच्या जरा खाली आहे. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) साधारण +१३ अंश. त्यामुळे पुण्यातून मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना ते जवळजवळ ८४ अंशांवर, म्हणजे डोक्यावरच असतं. शहराच्या धुरकट आकाशात ही फार मोठी सवलत आहे. एम ८१-एम ८२ ही जोडी पुस्तकांत सोपी म्हणून सांगितलेली असते, पण पुण्यातून ती ४० अंशांच्या वर चढतच नाही, आणि तीही उत्तरेला. तुमच्या उत्तरेला शहर असेल तर पहिल्या प्रयत्नात तिच्या वाटेला जाऊ नका.

२० मार्चच्या सुमारास पुण्यात त्रिकूट मध्यरात्री मध्यमंडलावर येतं. रात्री नऊ ते पहाटे तीन असे सहा तास ते ४५ अंशांच्या वर मिळतं. महिन्याभराने हेच सगळं दोन तास अलीकडे सरकतं.

आता पंचांग उघडा. दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र प्रकाश, सगळ्या रंगांत पसरलेला. तेजोमेघांसाठी बनवलेले दोन पट्ट्यांचे फिल्टर आकाशाबरोबर हा प्रकाशही कापून टाकतात. रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा उजेडही सगळ्या रंगांत पसरलेला, त्यामुळे कोणताच फिल्टर त्याला वेगळा काढू शकत नाही. उरतो एकच उपाय: चंद्र नसलेल्या रात्री, आणि त्याही भरपूर. कृष्ण द्वादशी ते शुक्ल तृतीया जवळजवळ पूर्ण रात्र हाती येते. लक्षात ठेवायला सोपं म्हणून सांगतो: महाशिवरात्र, पाडवा आणि अक्षय्य तृतीया या तिन्हींच्या लगतच्या रात्री अमावास्येच्या जवळच्या असतात, आणि त्रिकुटाचा हंगामही नेमका तोच.

इशारा: शुक्ल अष्टमीला «थोडासाच चंद्र आहे» म्हणून घेतलेल्या फ्रेम (सुटे फोटो) चांगल्या फ्रेमांत मिसळू नका. पार्श्वभूमीचा उतार वाढतो आणि तो साफ करताना दीर्घिकेच्या कडा जातात.

## २. कागदावरचं गणित

२०६ ला पिक्सेलच्या मापाने (मायक्रॉन) गुणा आणि फोकल लांबीने (मिमी) भागा. इथे ३.७६ मायक्रॉन आणि ७५० मिमी, म्हणजे एका पिक्सेलमागे साधारण १.०३ विकला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). सेन्सर ३००८ पिक्सेल रुंद, म्हणून फ्रेम जवळपास ५२ कलांची. त्रिकूट त्यात बसतं, फार सैल मात्र नाही. ४८० मिमी फोकल लांबीच्या ८० मिमी रिफ्रॅक्टरवर (भिंगाच्या दुर्बिणीवर) हीच फ्रेम ८० कलांच्या पुढे जाते आणि दीर्घिका लहान पण नीट दिसतात. नवशिक्यासाठी ती जोडी जास्त माफ करणारी आहे.

वजनाचंही गणित करा. दुर्बीण, रिंगा, गाइडस्कोप, कॅमेरा, केबल असं सगळं मिळून माउंटच्या जाहीर क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आत हवं. जाहीर केलेला आकडा डोळ्याने बघण्यासाठीचा असतो.

इशारा: केवळ बघण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच न्यूटोनियन दुर्बिणींत कॅमेरा फोकसला येतच नाही, फोकसर (कॅमेरा आत-बाहेर सरकवणारी नळी) पूर्ण आत ढकलूनही. विकत घेण्याआधी फोटोग्राफीची आवृत्ती आहे का ते विचारा.

## ३. उजेडात करायची कामं

ही कामं अंधारात करायला गेलं की रात्रीचे पहिले दोन तास वाया जातात.

कोमा करेक्टर आणि सेन्सर यांच्यातलं अंतर बहुतेक करेक्टरना ५५ मिमी लागतं. मोजपट्टीवर विसंबू नका, प्रत्येक अडॅप्टरची आणि कॅमेऱ्याच्या आतल्या खोलीची बेरीज करा.

आरशांची जुळणी आधी दुय्यम आरसा, मग मुख्य आरसा, अशा क्रमाने. उलट केलंत तर दुय्यम हलवल्यावर मुख्य पुन्हा बिघडतो. लेझर वापरत असाल तर तो फोकसरमध्ये हाताने गोल फिरवून बघा. ठिपका वर्तुळ काढत असेल तर चूक लेझरचीच आहे.

न्यूटोनियनच्या नळीचं मागचं तोंड उघडं असतं आणि शेजारच्या गॅलरीतला दिवा तिथून आत शिरतो. त्यावर आंघोळीची प्लास्टिकची टोपी काळं कापड लावून चढवा. इलास्टिकमुळे ती घट्ट बसते आणि आरशाच्या स्क्रूंना धक्का लागत नाही. पुढच्या तोंडाला काळ्या फोमचा दवरोधक लावा, नळीच्या व्यासाच्या दीडपट लांब.

वीज: माउंट, थंड होणारा कॅमेरा आणि दवपट्ट्या (दव बसू न देणाऱ्या गरम पट्ट्या) मिळून १२ व्होल्टवर ५ ते ६ अँपिअर धरा. सहा तासांना ३६ अँपिअर-तास झाले. साधी शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे ती ७५ च्या आसपासची हवी. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर ५० पुरते. घरची वीज वापरणार असाल तर अडॅप्टर आणि एक्स्टेन्शन बोर्ड पालथ्या टबाखाली ठेवा. दव पडतं, आणि तिथे २३० व्होल्ट असतात.

केबल एकत्र बांधून माउंटच्या डोक्यावरून खाली सोडा. मग दुर्बीण हाताने पूर्व, पश्चिम आणि माथ्यावर फिरवून कुठे ओढ बसते ते पाहा.

## ४. तिपाई, तोल आणि ध्रुव

अंगणात फरशी किंवा मुरूम असलेला भाग निवडा. गच्चीवर दोन अडचणी येतात: चालताना स्लॅब हलतो, आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे तारे थरथरतात. तिपाई स्लॅबच्या मधोमध न ठेवता खाली तुळई किंवा खांब असेल तिथे ठेवा, आणि काम सुरू झाल्यावर तिच्याभोवती फिरू नका.

दुर्बीण सूर्यास्तालाच बाहेर काढा. आरशाला बाहेरच्या तापमानाला यायला पाऊण ते एक तास लागतो.

आपल्या अक्षांशाची एक खास अडचण आहे. ध्रुवतारा पुण्यात क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर, नागपुरात एकवीस अंशांवर. माउंटचा अक्ष इतका आडवा होतो की काउंटरवेटचा दांडा तिपाईच्या पायाला जाऊन अडतो. काही माउंटवर तिपाई फिरवून पायांची जागा बदलली की भागतं. नाही भागलं तर डोकं आणि तिपाई यांच्यामध्ये १५-२० सेंमीचा जोड-खांब लागतो. दिवसा एकदा दांडा पूर्ण फिरवून बघितलंत तर रात्री मोटर अडकून दात झिजणार नाहीत.

तोल साधताना कॅमेरा, दवपट्टी, केबल सगळं लावलेलं असू द्या आणि फोकसर साधारण फोकसच्या जागी ठेवा. आधी क्रांतीचा अक्ष (उत्तर-दक्षिण फिरणारा), मग विषुवांशाचा (आकाशाबरोबर पूर्व-पश्चिम फिरणारा). विषुवांशात पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे गिअरचे दात एकाच बाजूला टेकून राहतात.

ध्रुव साधण्यासाठी फोनच्या होकायंत्राने सुरुवात करा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नाही. मात्र लोखंडी कठडा, स्लॅबमधल्या सळ्या आणि काउंटरवेट यांच्यापासून फोन दूर धरा. पुढची बारीक जुळणी निना किंवा तत्सम सॉफ्टवेअरमधल्या तीन-बिंदू ध्रुवजुळणीने करा. ध्रुवतारा शेजारच्या इमारतीआड असला तरी ती चालते. ध्रुवतारा फ्रेमच्या मधोमध आणणं म्हणजे ध्रुव साधणं नव्हे. तो खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून जास्त सरकलेला आहे.

तपासणी: चूक दोन कलांच्या आत आली का? बोल्ट घट्ट केल्यावर पुन्हा मोजा. घट्ट करतानाच जुळणी सरकते, आणि बहुतेकांची चूक नेमकी इथे होते.

## ५. फोकस

एखाद्या ठळक ताऱ्याकडे वळा, मघा जवळच आहे. बाहतिनोव्ह मास्क (फोकस दाखवणारी, खाचा पाडलेली जाळी) दुर्बिणीच्या तोंडावर लावा, ३ ते ५ सेकंदांचं एक्सपोजर घ्या आणि मधली रेघ दोन तिरक्या रेघांच्या बरोबर मध्ये आणा. फोकसरचा स्क्रू आवळा आणि लगेच पुन्हा एक फ्रेम घ्या, कारण आवळल्यावर रेघ हलते. मास्क काढा. हे वाक्य मुद्दाम लिहिलं आहे: मास्क तसाच राहिला की रात्रभराच्या प्रत्येक ठळक ताऱ्यावर काटे येतात आणि ते कुणालाच पुसता येत नाहीत.

तापमान तीन अंशांनी उतरलं, किंवा दीड तास झाला, की फोकस पुन्हा तपासा. फेब्रुवारीत नाशिकला संध्याकाळ आणि पहाट यांच्यातला फरक सहज दहा-बारा अंशांचा असतो.

## ६. लक्ष्यावर येणं आणि गायडिंग (एका ताऱ्यावरून माउंटचा माग दुरुस्त करत राहणं)

त्रिकूट कॅमेऱ्याच्या थेट चित्रात शोधू नका, अंधूक डागापलीकडे काही दिसणार नाही. दहा सेकंदांची फ्रेम घ्या, प्लेट सॉल्व्ह करा (सॉफ्टवेअर ताऱ्यांवरून दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे ते ओळखतं), माउंटला दुरुस्ती द्या, पुन्हा सॉल्व्ह करा. दोन-तीन फेऱ्यांत लक्ष्य मध्यावर येतं. आता कॅमेरा असा फिरवा की तिन्ही दीर्घिका बसतील आणि कडेला थोडं मोकळं आकाश उरेल, मग स्क्रू आवळा. ही कोनस्थिती सगळ्या रात्री तीच ठेवायची आहे, म्हणून फोकसरवर पांढऱ्या पेन्सिलीने खूण करा.

पीएचडी २ या गायडिंगच्या सॉफ्टवेअरचं कॅलिब्रेशन खगोलीय विषुववृत्ताजवळ आणि मध्यमंडलाजवळच्या ताऱ्यावर करा. थेट डोक्यावरच्या लक्ष्यावर केलेलं कॅलिब्रेशन बऱ्याचदा तिरकं येतं. गाइड एक्सपोजर २ ते ३ सेकंद. त्याहून लहान ठेवलं तर माउंट हवेच्या थरथरीमागे धावत सुटतो.

तपासणी: एकूण आरएमएस (सरासरी) चूक एका पिक्सेलच्या मापाच्या आत हवी, म्हणजे इथे १ विकलेखाली. ०.७ ते ०.८ आली तर समाधानाने पुढे जा. आलेखात अधूनमधून एकदम टोकं दिसत असतील तर सेटिंगला हात लावण्याआधी केबल बघा.

## ७. एक्सपोजर

कॅमेरा उणे ५ अंशांवर ठेवा. एप्रिलमध्ये रात्रीही २८ अंश असतील तर शून्य पुरे. शीतकाची शक्ती ८० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर तापमान स्थिर राहत नाही आणि डार्क (झाकण लावून घेतलेल्या काळ्या फ्रेम) जुळत नाहीत. गेन (संकेत वाढवण्याचं प्रमाण) १००, ऑफसेट (काळ्याची पायरी) एकदा ठरवला की बदलायचा नाही. डीएसएलआरला आयएसओ ८०० आणि रॉ.

शहराच्या कडेला एफ/५ वर ६० ते १२० सेकंद पुरेसे आहेत. चाचणी फ्रेमचा हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाचा आलेख) बघा: डोंगर डाव्या भिंतीपासून स्पष्ट सुटलेला हवा, आणि एम ६६ चा गाभा पांढरा फटक झालेला नसावा. याहून लांब एक्सपोजरने शहरात हाती काही लागत नाही. आकाशाचा उजेडच भरत जातो, ताऱ्यांचे रंग जळतात आणि वाऱ्याच्या एका झुळुकीत पाच मिनिटं जातात.

खरा आकडा एकूण वेळेचा आहे. गोंगाटाच्या तुलनेत संकेत दुप्पट करायचा तर वेळ चौपट लागतो. १२० सेकंदांच्या ३० फ्रेम म्हणजे एक तास. एका तासात तीन धूसर ठिपके दिसतात, पाच तासांत एम ६६ च्या भुजा आणि एनजीसी ३६२८ चा धुळीचा पट्टा मोकळा होतो. म्हणजे किमान १५० फ्रेम, लागल्या तर दोन-तीन रात्रींत. एनजीसी ३६२८ ची लांबच लांब फिकट शेपटी शहरातून येणार नाही. तिच्या हव्यासापायी चित्र ताणू (फिका भाग उजळवू) नका.

दर तिसऱ्या फ्रेमनंतर डिदरिंग (दुर्बीण मुद्दाम किंचित सरकवणं) चालू ठेवा, मुख्य कॅमेऱ्याच्या ५ ते १० पिक्सेलइतकं. हे बंद राहिलं की स्टॅकमध्ये (सगळ्या फ्रेम एकत्र करून झालेल्या चित्रात) पावसासारख्या तिरप्या रेघा उमटतात आणि त्या कोणत्याही गोंगाटनाशकाने जात नाहीत.

## ८. रात्र चालू असताना

पहिल्या पाच फ्रेम पूर्ण मोठ्या करून चारही कोपरे बघा. ताऱ्यांचा आकारच दोष सांगतो:

- सगळीकडे एकाच दिशेला लांबट: गायडिंग, वारा किंवा केबलची ओढ.
- मध्यभागी गोल, कोपऱ्यांत मध्यापासून बाहेर ताणलेले: करेक्टरचं अंतर चुकलं. अर्ध्या मिमीची चकती घालून किंवा काढून बघा.
- एका बिंदूभोवती गोल फिरल्यासारखे: ध्रुवजुळणी.
- एकाच कोपऱ्यात बिघडलेले: कॅमेरा तिरका बसला आहे.
- त्रिकोणी: आरशाच्या पकडी जास्त आवळल्या आहेत.

दोष सापडला तर तिथेच थांबा. «बघू नंतर» म्हणून चालू ठेवलेल्या चार तासांचं नंतर काहीही होत नाही.

मध्यमंडल ओलांडताना माउंट बाजू बदलतो. त्रिकूट डोक्यावर असल्यामुळे नेमक्या त्याच वेळी नळी किंवा कॅमेरा तिपाईच्या पायाजवळ येतो. पहिल्या रात्री तरी त्या वेळी जागे राहा, बाजू बदलल्यावर प्लेट सॉल्व्ह करून लक्ष्य मध्यावर आणा आणि फोकस पुन्हा बघा. दवपट्ट्या गाइडस्कोपवर आणि दुय्यम आरशामागे सुरुवातीपासून मंद चालू ठेवा. दव पडल्यावर चालू करून अर्धा तास जातो.

## ९. फ्लॅट आणि डार्क

सगळ्यात जास्त टाळलं जाणारं आणि सगळ्यात महागात पडणारं काम हे. दीर्घिकेच्या फिकट कडा आकाशापेक्षा किंचितच उजळ असतात. कोपऱ्यांतला अंधार आणि सेन्सरवरच्या धुळीची वर्तुळं त्यांच्याहून ठळक असतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीला तोटा नाही.

पहाटे काम संपलं की कॅमेरा न काढता, न फिरवता, फोकस न हलवता फ्लॅट घ्या. नळीच्या तोंडावर पांढरा सुती बनियन दोन पदरी ताणून बसवा, सुरकुती राहू देऊ नका, वर टॅब्लेटचा पांढरा पडदा सपाट ठेवा. गेन आणि ऑफसेट रात्रीचाच. एक्सपोजर असं की हिस्टोग्राम मध्यावर येईल, ६५,५३५ पैकी साधारण २५,००० ते ३०,०००. ते एक-दोन सेकंदांचं ठेवा. फार लहान झालं तर पडद्याच्या लुकलुकीचे पट्टे येतात, म्हणून जास्त कापड घाला. ३० फ्रेम घ्या. लगेच झाकण लावून त्याच एक्सपोजरच्या ३० फ्लॅट-डार्क घ्या.

मुख्य डार्कही ३०: एक्सपोजर, गेन, तापमान तंतोतंत रात्रीचंच. थंड होणाऱ्या कॅमेऱ्याचे डार्क दुसऱ्या दिवशी कपाटात, कॅमेऱ्याचं झाकण लावून घेता येतात. डीएसएलआरचे मात्र त्याच रात्री, त्याच हवेत.

तपासणी: एक फ्लॅट ताणून बघा. मध्य उजळ आणि कडा सारख्या गडद असाव्यात. एक बाजू जास्त उजळ असेल तर टॅब्लेट तिरका होता. पुन्हा घ्या, कॅमेरा अजून जागेवरच आहे.

## १०. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या क्रमाने

प्रत्येक रात्रीचे फ्लॅट त्या रात्रीच्या फ्रेमांनाच लागू करा. कॅलिब्रेशन (फ्लॅट-डार्कने दुरुस्ती) रात्रीनिहाय, मग सगळ्या रात्री एकत्र रजिस्टर (तारे एकमेकांवर जुळवणं) आणि स्टॅक. सिरिलची तयार रंगीत स्क्रिप्ट वापरत असाल तर फ्लॅट-डार्क बायसच्या (सर्वांत लहान एक्सपोजरच्या काळ्या फ्रेमांच्या) फोल्डरमध्ये टाका, ते काम नीट होतं. स्टॅकिंगआधी ताऱ्यांची रुंदी आणि गोलाई यांचा आलेख पाहून सर्वांत वाईट १० टक्के फ्रेम काढा. विमानं आणि उपग्रहांच्या रेघा सिग्मा क्लिपिंगने (इतर फ्रेमांपेक्षा फार वेगळे पिक्सेल वगळून) आपोआप जातात, त्यासाठी चांगली फ्रेम फेकू नका.

त्यानंतरचा क्रम बदलू नका:

पहिलं, स्टॅकच्या फाटक्या कडा कापा. दुसरं, चित्र ताणण्याआधीच पार्श्वभूमीचा उतार काढा. नमुना-बिंदू तिन्ही दीर्घिकांपासून दूर ठेवा आणि आपोआप पडलेले बिंदू एकेक तपासा. एक बिंदू एनजीसी ३६२८ च्या टोकावर पडला तरी त्या जागी काळा खड्डा होतो. तिसरं, प्लेट सॉल्व्ह करून फोटोमेट्रिक रंग-कॅलिब्रेशन (ताऱ्यांच्या माहीत असलेल्या रंगांवरून चित्राचे रंग जुळवणं). उतार शिल्लक असताना रंग जुळवले तर एक कोपरा हिरवा आणि एक जांभळा राहतो. चौथं, गोंगाट हलकाच कमी करणं. पाचवं, ताणणं, एका झटक्यात न करता तीन-चार छोट्या टप्प्यांत, दर टप्प्याला एम ६६ चा गाभा जवळून बघत.

काळा बिंदू सरकवताना हिस्टोग्रामची डावी उतरण कापू नका. आकाश गडद राखाडी राहिलं तरच दीर्घिकेची कडा त्यात विरघळताना दिसते. ठार काळं आकाश म्हणजे ती कडा आधीच कापली गेली. सरतेशेवटी रंगांची तीव्रता वाढवा, तीही थोडी: एम ६६ चा गाभा पिवळसर आणि भुजा निळसर दिसू लागल्या की हात आवरा.

मूळ फ्रेम, फ्लॅट आणि डार्क तारीखवार फोल्डरमध्ये ठेवा, सोबत कॅमेऱ्याची कोनस्थिती, गेन आणि तापमान लिहिलेली साधी मजकूर-फाइल. पुढच्या वर्षी पाडव्याच्या रात्री घेतलेले पाच तास या पाच तासांत मिळवता येतील.